स्टोअर ब्रँडचं इंजिन ऑइल: कोण बनवतं ते शोधायचं, की काय बनवलंय ते बघायचं?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दोन गाड्या, एक अजून वॉरंटीत, दुसरी दहा वर्षं जुनी. आजवर दोन्हीत नावाजलेल्या कंपनीचंच ऑइल टाकलं. आता एका मोठ्या स्टोअर चेनचं स्वतःच्या नावाचं ऑइल जवळजवळ अर्ध्या किमतीत मिळतंय, पण ते नक्की बनवतं कोण हे कळल्याशिवाय हात धजत नाही. दोन महिने शोध चाललाय, लॅबला सॅम्पल पाठवायचाही विचार आहे आणि एकदा खात्री पटली की सेलमध्ये 20 कॅन एकदम क्रेडिट कार्डवर घेऊन ठेवायचेत. करू का?

स्टोअरचं ऑइल घ्या, 20 कॅन घेऊ नका आणि लॅबचा विचार सोडून द्या. आता का ते सांगतो, जरा सविस्तर, कारण तुम्ही जी काळजी घेताय ती मला मनापासून आवडली, फक्त ती चुकीच्या ठिकाणी खर्च होतेय असं वाटतं.

आधी हिशोब. तुम्ही दिलेले आकडे सोपे करून घेतो, ब्रँडेड कॅन 100 धरला तर स्टोअरचा 55 ला पडतो. नवी गाडी वर्षातून एकदा, जुनी दोनदा, म्हणजे तीन कॅन, म्हणजे वर्षाला 135 वाचले. पण तुम्ही म्हणता तसा खर्च अर्धा होत नाही, कारण फिल्टर आणि मजुरी आहे तेवढीच राहते, ती तुमच्या बिलाप्रमाणे 70 च्या आसपास आहे, म्हणजे एका सर्व्हिसचे 170 चे 125 होतात, साधारण पाव हिस्सा. वाईट नाहीये, दरवर्षी मिळणारे पैसे आहेत. पण त्यासाठी दोन महिने रात्री जागून शोध करावा एवढी ही रक्कम नाही, आणि लॅबची एक टेस्ट तुम्ही लिहिल्याप्रमाणे 40 ची असेल तर एका कॅनमागची बचत तिथेच संपली.

आता बनवतो कोण. यात लपवाछपवी फारशी नसते, पण उत्तर मिळूनही हातात कमी येतं. अमेरिकेतलं उदाहरण घ्या, कॉस्टको या स्टोअर चेनचं कर्कलंड सिग्नेचर ऑइल ओमाहा शहरातली वॉरन डिस्ट्रिब्युशन बनवते. आता लोक काय करतात, वॉरन नाव ऐकलं की नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन ऑइलशी जोडून मोकळे होतात, ती वेगळी कंपनी आहे. नावाच्या मागे लागलं की असं होतं. आणि समजा नाव अगदी बरोबर कळलं, तरी असे कारखाने अनेक गिऱ्हाइकांसाठी अनेक ऑइलं बनवतात, ज्याची ऑर्डर जशी तशी रेसिपी. एकाच छताखाली भरलेल्या दोन कॅनमध्ये एकच माल असतो हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय स्टोअरचं कंत्राट बदलतं, यंदा एक कारखाना, पुढच्या वेळी दुसरा, वरचं लेबल तेच. तुम्ही दोन महिन्यांनी मिळवलेलं उत्तर पुढच्या खरेदीला शिळं झालेलं असू शकतं.

तुम्ही सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालातले धोके सांगणारा कागदही काढलात, छान केलंत, पण त्याच्या पहिल्या भागात जे नाव असतं ते जबाबदार कंपनीचं असतं, ती उत्पादकच असेल असं नाही, कधी इंपोर्टर असतो, कधी स्टोअर स्वतःच. घटकांच्या भागात बेस ऑइलचं, म्हणजे मूळ तेलाचं, प्रमाण इतक्या ढोबळ टक्केवारीत दिलेलं असतं की त्यावरून रेसिपी ओळखता येत नाही.

लॅब रिपोर्टबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिथे हुशार माणसंही फसतात. तुम्ही कुणाचा तरी रिपोर्ट पाठवलात, स्टोअरच्या ऑइलमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, फॉस्फरस हे सगळं एका मोठ्या ब्रँडशी मिळतंजुळतं आहे, म्हणजे तेच ऑइल असणार. तसं नाही हो. इंजिन ऑइल म्हणजे बेस ऑइल अधिक अ‍ॅडिटिव्हचं, म्हणजे त्यात मिसळायच्या रसायनांचं, पॅकेज, आणि ही पॅकेजेस जगभरात मुख्यतः चारच कंपन्या पुरवतात: लुब्रिझॉल, इन्फिनियम, अफ्टन आणि शेव्हरॉनची ओरोनाइट. त्यातली इन्फिनियम तर शेल आणि एक्सॉनमोबिल या दोन स्पर्धकांची भागीदारी आहे. म्हणजे दोन कॅनचे आकडे जुळले तर दोघांनी एकाच दुकानातून मसाला आणला एवढंच फार तर म्हणता येईल. त्यात स्टँडर्डच घट्ट आहे, आयल्सॅक जीएफ-6 या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलच्या दर्जात फॉस्फरस कमाल 0.08 टक्के, कारण जास्त झाला तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, आणि टर्बो इंजिनांत इंधनाने वेळेआधीच पेट घेणं टाळायला सगळ्यांनीच कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलं. एकाच चौकटीत बसवायची म्हटल्यावर ऑइलं एकमेकांसारखी दिसणारच.

मग विश्वास कशावर ठेवायचा? कॅन हातात घ्या आणि मागची बाजू वळवा. तिथे एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा गोल शिक्का असतो, ज्याला सगळे डोनट म्हणतात. वरच्या अर्ध्या वर्तुळात दर्जा, उदाहरणार्थ एपीआय सर्व्हिस एसपी. मध्ये जाडी, 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30. खाली रिसोर्स कन्झर्व्हिंग, म्हणजे इंधन वाचवणारं, असं लिहिलेलं असू शकतं. हा शिक्का लायसन्स घेतल्याशिवाय लावता येत नाही, दुसऱ्याचं ऑइल आपल्या नावाने विकणाऱ्यालाही लायसन्स लागतं, आणि एपीआय बाजारातून ऑइल उचलून तपासतंही. त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत ब्रँडचं नाव टाकलं की लायसन्स आहे की नाही ते फुकट दिसतं, पाच मिनिटांचं काम. तुमच्या दोन महिन्यांच्या शोधापेक्षा ही पाच मिनिटं जास्त मोलाची आहेत, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

एक मात्र नीट बघा. शिक्का असणं वेगळं आणि 'एपीआय एसपीच्या गरजा पूर्ण करतं' असं नुसतं वाक्य छापलेलं असणं वेगळं. तसंच गाडीच्या मॅन्युअलमध्ये कंपनीचं स्वतःचं अप्रूव्हल मागितलं असेल, जसं जनरल मोटर्सचं डेक्सॉस किंवा फोक्सवॅगनचं 504.00, तर लेबलवर 'अप्रूव्हड' किंवा लायसन्सचा शिक्का हवा, 'साठी योग्य' एवढं पुरेसं नाही. युरोपातल्या एसीइए या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या दर्जाचं तर असं आहे की तो उत्पादक स्वतःच जाहीर करतो, कुणी येऊन शिक्का मारत नाही. आणि फुल सिंथेटिक या शब्दावर फार जाऊ नका, 1999 मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलचा त्यावरून वाद झाला होता, खूप शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणता येतं असाच निकाल तेव्हा जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने दिला.

खरा धोका कुठे आहे ते सांगतो. माझ्या एका क्लायंटने पेट्रोल पंपाजवळच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त बाटली उचलली, लेबल चकचकीत, जाडीचा नंबर बरोबर, आणि मागे बारीक अक्षरात एपीआय एसए. एसए म्हणजे अ‍ॅडिटिव्ह नसलेलं ऑइल, 1930 नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते चालत नाही असं एपीआय स्वतः सांगतं. नशीब, मेकॅनिकने बाटली ओतायच्या आधी वाचली. म्हणून भीती बाळगायचीच असेल तर बिनशिक्क्याच्या ऑइलची बाळगा, किंवा ऑनलाइन कुठल्यातरी अनोळखी सेलरकडून आलेल्या, सील बघूनच शंका येणाऱ्या नामांकित ब्रँडची. लायसन्स असलेलं, थेट त्या स्टोअरमधूनच घेतलेलं स्टोअरचं ऑइल या दोन्हींपेक्षा मला जास्त सुरक्षित वाटतं.

वॉरंटीच्या गाडीबद्दल तुमची धाकधूक समजते. अमेरिकेत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, ठरावीक ब्रँडचाच माल वापरा नाहीतर वॉरंटी नाही अशी अट तिथे सहसा घालता येत नाही, तो माल फुकट देत असतील तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे तुमचं वॉरंटी बुकलेट वाचा, त्यात दर्जा आणि जाडी मागितलीय की ब्रँड, हे शब्दशः बघा. क्लेमच्या वेळी अडचण येते ती बहुतेक वेळा कागद नसल्याची. तेव्हा ऑइलचं बिल, कॅनच्या शिक्क्याचा फोटो, बॅच नंबर आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग, चारही गोष्टी फोनमधल्या एकाच फोल्डरमध्ये टाका. घरीच ऑइल बदलणार असाल तर हे अजूनच गरजेचं.

आता ते 20 कॅन. तुम्ही लिहिलंय सेलमध्ये आणखी 10 टक्के कमी, म्हणजे कॅन 49.5 ला, 20 चे 990, वाचणार 110. पण वर्षाला तीन कॅन लागतात, म्हणजे हा साठा साडेसहा वर्षांहून जास्त पुरणार, आणि बंद कॅनलाही साधारण पाच वर्षांच्या आत वापरा असंच कंपन्या सांगतात. दरम्यान स्टँडर्ड बदलेल, जीएफ-6 चं लायसन्स 2020 च्या मे मध्ये सुरू झालं आणि जीएफ-7 आलं 2025 च्या मार्चमध्ये, पाच वर्षंही झाली नव्हती. नवीन गाडी आली तर तिला कदाचित वेगळीच जाडी लागेल, इलेक्ट्रिक घेतली तर लागणारच नाही. आणि सगळ्यात जास्त खटकलं ते कार्ड. तुमच्या कार्डवर आधीच बाकी आहे आणि व्याज महिना 3 टक्के, म्हणजे 990 वर महिन्याला जवळजवळ 30. चार महिन्यांत तुमची 110 ची सगळी सूट बँकेला गेली आणि गॅरेजमध्ये 18 कॅन पडून. ऑइलच्या नावाखाली हे कर्ज काढू नका, कळकळीने सांगतोय.

त्याऐवजी वर्षभराचे तीन कॅन घ्या, रोख, आणि वाचणारे 135 ब्रँडेडच्या जुन्या खर्चातून काढून सरळ कार्डच्या बाकीवर भरा, तिथे त्यांना महिना 3 टक्के मिळाल्यासारखंच आहे, असा परतावा मी तुम्हाला दुसरीकडे कुठेही मिळवून देऊ शकत नाही.

जुन्या गाडीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय की दोन सर्व्हिसच्या मध्ये जवळपास लिटरभर ऑइल कमी होतं. ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि तुम्ही ती शेवटी लिहिलीत. तिथे कॅनवरच्या नावाने काहीच फरक पडणार नाही, पातळी खाली गेली तर महागातलं महाग ऑइलही इंजिन वाचवू शकत नाही. दर दोन आठवड्यांनी, गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद केल्यावर थोडं थांबून डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, मग बघा, आणि तारीख टाकून लिहून ठेवा. लागेल तसं टॉप-अप स्टोअरच्याच ऑइलने करा, त्यासाठी तीनाऐवजी चार कॅन घेतलेत तरी चालेल. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की मेकॅनिकला दाखवा, गळती आहे की जळतंय ते त्याला त्यावरूनच कळायला लागेल, आणि तो दुरुस्तीचा जो आकडा सांगेल तो मला कळवा, ती गाडी ठेवायची की विकायची हे आपण त्यावर बसून ठरवू.