निपाणीकडच्या खेड्यात पेशंटला घरीच हॉस्पिटलसारखे उपचार देता येतात का? खर्च कमी येतो का?

देता येतात. आम्ही दिलेत.

मामंजींनी (माझे सासरे) निपाणीच्या तंबाखू वखारीत तीस वर्षं काढली. सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) होताच, त्यात दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत न्यूमोनिया झाला. बेळगावात अकरा दिवस ॲडमिट होते. मग डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, राहिलेली पाच इंजेक्शनं घरी दिली तरी चालतील, ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटरवर ठेवा. मामंजींचं तर 'मला घरी न्या' एवढंच चाललेलं. पुण्याचे भाऊजी मात्र म्हणाले, घरी नेणं म्हणजे पैसे वाचवायला माणूस सोडून देणं. अजूनही चारचौघांत तेच म्हणतात. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

चिकोडीची एक सिस्टर रोज सकाळी येऊन शिरेतनं अँटिबायोटिक द्यायची. बाकी चोवीस तास मी. तिसऱ्या रात्री दोनला लाईट गेली आणि मशीन ओरडायला लागली. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला (हवेतनं ऑक्सिजन काढून देणारं हे मशीन) साधारण ३५० वॅट लागतात, आमचा जुना इन्व्हर्टर दहा मिनिटांत बसला. सिलिंडर कोपऱ्यात होता, पण त्याची चावी दुकानदारानं दिलीच नव्हती आणि आम्हीही बघितलं नव्हतं. बाहेर धो धो पाऊस. ह्यांनी ट्रॅक्टरच्या पेटीतला स्क्रू पाना आणला. दोनदा सटकला, तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह फिरला. तोवर ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा) ८१ वर आलेला.

भाऊजी फोनवर ओरडत होते, "वहिनी, पाच करा! ९८ पाहिजे!" मी दोनवरच ठेवलं. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी पेनानं लिहून दिलं होतं, ८८ ते ९२. सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन जादा झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस गुंगीत जातो, प्रसंगी उठत नाही. वीस मिनिटांनी ८९ दिसलं. मामंजींनी चहा मागितला.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला दवाखान्यापेक्षा कमी आला, पण सगळा खिशातनं. विम्यात 'डोमिसिलरी', म्हणजे घरी घेतलेल्या उपचारांचं, कलम असतं, ते आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींत पेशंट हलवण्यासारखा नसेल किंवा बेडच मिळत नसेल तरच ते लागू होतं, उपचार तीन दिवसांच्या वर चालावे लागतात, आणि दमा, ब्रॉंकायटिस वगळलेले असतात. आमचा क्लेम त्यातच गेला. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, पण तीही ॲडमिट पेशंटसाठी. घरच्या मशीनचं भाडं त्यात बसत नाही.

सिलिंडर घेताना दुकानदारासमोर उघडून बघा, चावी मागून घ्या. दीड घनमीटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरनं बारा तास पुरतो, आमच्याकडच्या पावसाळ्यात दोन ठेवा. खोलीत देवाचा दिवासुद्धा लावू नका, बिडी तर लांबच. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, एअर बेड असला तरी. आणि रात्री जागणारी दोन माणसं घरात नसतील तर हे करूच नका. पुण्याहून फोन करणारा त्यात धरायचा नाही.

हेही सांगायला हवं, आमचे डॉक्टर स्वतःहून हो म्हणाले होते आणि रात्री फोन उचलायचे. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, नवीन गुंगी, असलं काही दिसलं तर घरी बघत बसू नका, १०८ ला फोन करा. ८८ ते ९२ हा आकडाही मामंजींचा, तुमच्या पेशंटचा डॉक्टरांकडनं लिहून घ्या.

मी दर दोन तासांचा ऑक्सिजन, नाडी, ताप, लघवी वहीत लिहायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ती वही पानन् पान वाचली. भाऊजींनी अजून उघडलेली नाही. कपाटात आहे, कधीही या आणि बघा.