गाडीला अजून चाळीस मिनिटं

प्रश्न : ताई, माझ्या कथेच्या शेवटी नायिका धावतपळत स्टेशनवर पोचते आणि कायमचं निघालेल्या नायकाला थांबवते. मित्राने वाचून सांगितलं, "हा तर घासून गुळगुळीत झालेला ट्रोप." (म्हणजे कथांमधून पुन्हा पुन्हा येणारा ठरलेला साचा.) म्हणून मी शेवट उलटा केला. ती पोचते, तेव्हा गाडी सुटलेली असते. आता तो म्हणतो, हे आणखीच बेतलेलं वाटतं. ट्रोप मोडूनही कथा फसली कशी?

उत्तर : मित्र बरोबर बोलतोय, त्याला सोडू नका. तुम्ही ट्रोप मोडला नाहीत, नुसतं नाणं पालथं घातलंत. ती घरातून निघाली त्या क्षणापासून वाचकाच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात : गाडी मिळेल किंवा चुकेल. त्यातली कुठलीही हातावर ठेवलीत, तरी त्याला ती आधीच ठाऊक आहे.

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या गठ्ठ्यात ही स्टेशनवरची धावपळ हमखास असते. (हल्ली बऱ्याचदा विमानतळ असतो. धावणं तेच, फरशी तेवढी गुळगुळीत.) मला तिचा राग नाही. मी फक्त एवढंच विचारते, की हा साचा वाचकाला कसली हमी देतो? धावण्याची नाही. महिनोन्‌महिने जे बोललं गेलं नाही ते शेवटच्या मिनिटाला एका वाक्यात बोलता येतं आणि तेवढ्याने सगळं भरून निघतं, ही ती हमी. गाडी सुटायची घाई ही खरं तर लेखकाची सोय आहे. मिठी झाली, शिट्टी झाली, कथा संपली. त्या दोघांना पुढचं काही बोलावंच लागत नाही.

मग तीच सोय काढून घ्या. तिला लवकर पोचू द्या.

'ती धापा टाकत फलाटावर आली. तो बाकावर बसला होता, बॅग मांडीवर घेऊन. वाटेत घोकलेलं सगळं तिने एका दमात म्हणून टाकलं. तो जरा सरकला. म्हणाला, "बस ना." ती बसली. समोरच्या घड्याळात एकच मिनिट पुढे गेलं होतं. गाडीला अजून चाळीस मिनिटं होती.'

धावणं आहे, फलाट आहे, बॅग आहे, वाचकाला हवं ते सगळं आहे. पण तिचं भाषण संपलंय आणि चाळीस मिनिटं शिल्लक आहेत. आता तो काहीतरी विचारणार, ज्याचं उत्तर तिने घोकलेलं नाही. ती चाळीस मिनिटं लिहा. 'बराच वेळ ते बोलत राहिले' असं लिहून पळ काढू नका, मी पकडेन.

आणखी एक. तुमच्या मसुद्यात ती तिसऱ्या पानावर "नंतर बोलू, मला उशीर होतोय" म्हणून फोन ठेवते. तुमच्या हातून ते सहज लिहिलं गेलं असावं, पण कथेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे. या बाईला बोलणं टाळायचं असलं की उशीर होतो. ते वाक्य मध्ये अजून एकदा येऊ द्या, वेगळ्या माणसापाशी. म्हणजे फलाटावर तिला पहिल्यांदाच कसलाही उशीर होत नसेल, आणि ते वाचकाला तुम्ही सांगायची गरज पडणार नाही.

प्रश्न : माझ्या रहस्यकथेत शेवटच्या परिच्छेदात कळतं, की खून नायकाच्या जुळ्या भावाने केला. हा भाऊ आधी कुठेच येत नाही, कारण आला असता तर वाचकाला संशय आला असता. कथा साभार परत आली. धक्का पुरेसा नव्हता का?

उत्तर : धक्का होता की. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघाली की बसतो, तसला.

जुळ्या भावाची तक्रार फार जुनी आहे. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज धर्मगुरू रहस्यकथाही लिहीत. त्यांनी 1929 मध्ये या कथांसाठी दहा नियम सांगितले, अर्धे गमतीत. गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको, हा त्यातलाच एक. दहावा नियम तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे : जुळे भाऊ आणि तोतये यांना वाचकाची नीट तयारी करून घेतल्याशिवाय आणू नये. म्हणजे बंदी भावावर नाही, तो आयत्या वेळी टपकण्यावर आहे.

चकवा प्रामाणिकपणे कसा देतात ते पाहायचं, तर ॲगथा ख्रिस्तीची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी घ्या, 1926 सालची. (आता गुपित फोडते आहे. इतक्या वर्षांनी माफ असावं.) गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी निघतो. रहस्य सोडवणाऱ्याचा भोळा सोबती गोष्ट सांगतो हा त्या काळचा पक्का साचा, आणि बाईंनी सुरी नेमकी तिथे लपवली. गंमत अशी, की डॉक्टर खोटं बोलत नाही. तो सांगतो, पत्र आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती, मी निघालो तेव्हा दहा. दाराच्या मुठीवर हात ठेवून मागे वळून पाहिलं, काही करायचं राहिलं तर नाही ना. बस्स. मधल्या दहा मिनिटांबद्दल चकार शब्द नाही. शेवट कळल्यावर वाचक पानं मागे उलटतो, तर प्रत्येक वाक्य खरं. चिडायचं तर स्वतःवरच चिडावं लागतं.

तुमच्या वाचकाने पानं मागे उलटली तर त्याला काय सापडेल? काहीच नाही.

मी शहाणपण शिकवते आहे म्हणून सांगायलाच हवं. विशीत मीही एक कथा लिहिली होती, तिचा 'मी' शेवटच्या ओळीत मेलेला निघतो. आठवडाभर मी हवेत होते. संपादकांनी कथा परत पाठवली, समासात पेन्सिलीने एकच ओळ : 'मग पान 4 वर याने कुलूप कसं उघडलं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. धक्क्याच्या नादात मी बाकीची पानं एखाद्या जिवंत माणसाचीच लिहिली होती.

तर भाऊ ठेवा, पण पान 2 वर ओळखीचा कोणीतरी नायकाला म्हणू दे, "काल हाक मारली, बघितलंस आणि सरळ पुढे गेलास?" नायक ओशाळून म्हणू दे, "अरे, कामाच्या तंद्रीत असेन." वाचक समजेल, तुम्ही नायकाचा विसरभोळेपणा दाखवताय. खुणेला जागच्या जागी असं दुसरं काम नेमून दिलं, की ती उघड्यावर ठेवली तरी दिसत नाही. नुसतीच पडून राहिलेली खूण मात्र तिसरीतलं पोरही उचलतं.

प्रश्न : काहीही सुचलं तरी ते आधी कोणीतरी लिहिलेलंच असतं. मग लिहायचं कशाला?

उत्तर : व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने शंभर परीकथा उलगडून पाहिल्या. 1928 च्या त्याच्या पुस्तकात पात्रांच्या कृती मोजून 31 निघाल्या : कोणीतरी घर सोडतं, कसलीतरी मनाई होते, ती मोडली जाते, असं पुढे. एका कथेत सगळ्या 31 नसतात, पण ज्या असतात त्या साधारण ठरल्या क्रमाने येतात. ऐकणाऱ्यांनी म्हणून काही गोष्टी ऐकणं सोडलं नाही. तुम्ही 'मनाई' घ्या बिनधास्त. फक्त तुमच्या कथेत ती कोण करतं, कुठल्या शब्दांत, आणि करताना त्याचा हात कुठे असतो, तेवढं दुसऱ्याकडून उसनं आणू नका. ट्रोपच्या याद्या वाचायच्या तर कथा लिहून झाल्यावर वाचा.

प्रश्न : माझी राजकन्या राजपुत्राची वाट बघत नाही. मनोऱ्यात कोंडलेली असताना स्वतःच तलवार उपसते आणि राक्षसाला मारते. इथे तरी ट्रोप मोडला ना?

उत्तर : एके काळी मोडला असता. आता तलवार घेतलेल्या राजकन्यांची रांग इतकी लांब आहे, की वाट बघत बसलेली एखादी दिसली तर मीच दचकेन. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही राजपुत्राचं काम उचलून तिला दिलंत, काम तेच राहिलं. राक्षस मरायचा तसाच मेला.

मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ती सातव्या वर्षी कोंडली गेली, एकोणिसाव्या वर्षी असा वार करते की राक्षस एका घावात आडवा. हा हात तिला कोणी शिकवला? पान 1 वर तुम्हीच लिहिलंय, की बारा वर्षांत मनोऱ्यात त्या दोघांखेरीज तिसरं कोणी आलं नाही.