रोझरीच्या पलीकडे कोणी नसेल तर?

प्रश्न : सिस्टर, दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. रोज सकाळची चर्चमधली मिस्सा मी चुकवत नाही. पण गेलं वर्षभर प्रार्थना म्हणताना वाटतं, पलीकडे कोणी ऐकतच नाही. परवा तर रोझरीची माळ पाचपैकी तिसऱ्या रहस्यावर सोडून उठले. सून म्हणते, हे डिप्रेशन आहे. फादरांना सांगायची लाज वाटते. संतांच्या मनात असलं काही येत नसेल. अशा मनाने ख्रिस्तप्रसाद घेणं पाप आहे का?
— एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, ख्रिस्तप्रसाद घ्या. उद्याच्या मिस्सेलाच घ्या. बाकीचं सावकाश बोलू.

संतांना असं होत नसेल असं तुम्हाला वाटतं, त्यात आपल्याकडच्या चित्रांचा मोठा दोष आहे. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातल्या संत तेरेजाचं चित्र तुमच्याही घरी असेल. हातात क्रूस आणि गुलाबं, चेहरा साखरेचा. मी 11 वर्षं क्षयाच्या वॉर्डात रात्रपाळी केली, म्हणून मला ती चित्रातली तेरेजा कधी पटली नाही. क्षयाने 24व्या वर्षी गेलेली पोरगी अशी दिसत नाही.

1896 साली गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री ती दिवा मालवून पडली आणि तोंडात काहीतरी उसळून आलं. तिने रुमाल लावला, पण दिवा पुन्हा लावला नाही. सकाळी खिडकीशी जाऊन पाहिलं, तर रक्त. (हे वाचताना माझ्यातली नर्स अजून चिडते. रात्रीच कोणाला तरी हाक मारायला हवी होती!) तिला मात्र आनंद झाला. प्रभूचं बोलावणं आलं, आता स्वर्ग जवळ आला. आणि नेमक्या त्याच ईस्टरच्या दिवसांत तिच्या मनातला स्वर्ग विझला. लहानपणापासून जी कल्पना सर्वांत गोड वाटायची, तीच आता छळू लागली.

पुढच्या वर्षी, जूनमध्ये, तिने आपल्या मदर सुपिरिअरसाठी हे लिहून ठेवलं. अंधार तिची थट्टा करत म्हणतो, मरणाची वाट बघ हो, ते तुला हवं ते देणार नाही. याहून काळी रात्र देईल, नसण्याची रात्र. एवढं लिहून ती थांबते. आणखी लिहिलं तर देवनिंदा होईल, अशी तिला भीती वाटते. त्याच मठात तिच्या तीन सख्ख्या बहिणी होत्या. पण तिच्या कविता वाचून कोणालाही वाटावं, ही तर सुखात न्हाली आहे. ती मात्र सांगते, मला ज्यावर विश्वास ठेवायचा आहे, तेवढंच मी गाते. विश्वासांगीकार, म्हणजे ‘माझा विश्वास आहे’ ही प्रार्थना, तिने स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी बाळगला होता. गेल्या एका वर्षात जितक्या वेळा ‘माझा विश्वास आहे’ म्हटलं, तितकं आयुष्यात म्हटलं नव्हतं, असंही ती लिहिते. आणि हो, प्रार्थनेच्या वेळी तिला सात वर्षं डुलक्या लागत होत्या. तुम्ही निदान जाग्या होतात.

हिचंच नाव घेतलेल्या मदर तेरेसांचं तर जवळजवळ सारं कामच या काळोखात झालं. 1958च्या ऑक्टोबरमध्ये काही आठवडे उजाडल्यासारखं झालं, मग पुन्हा तेच. आपली पत्रं जाळून टाका, असं त्या सांगत राहिल्या. ती उरली आणि 2007मध्ये छापून आली, तेव्हा कितीतरी जणांना धक्का बसला. मला उलट हायसं वाटलं. 1961मध्ये त्यांनी हे ज्यांच्यापाशी उघड केलं, ते फादर योसेफ नॉयनर आपल्या पुण्यात शिकवणारे जेज्वीट. त्यांनी मदरना तीन गोष्टी सांगितल्या. यावर माणसाकडे इलाज नाही. देव जाणवला तरच तो आहे, असं नाही. आणि त्याच्यासाठी जीव तुटतो, हीच त्याच्या असण्याची खूण.

आता सुनेचं म्हणणं. तिच्यावर रागावू नका. देव जाणवेनासा होतो त्या काळाला ज्यांच्यामुळे ‘आत्म्याची काळोखी रात्र’ हे शब्द रूढ झाले, ते क्रूसभक्त संत योहान 16व्या शतकातले. पण मनाचा आजार वेगळा आणि ही रात्र वेगळी, हे ओळखायला हवं, असं तेही सांगून गेलेत. दोन्ही एकदमही येऊ शकतात. अखेरच्या दुखण्यात तेरेजाने बहिणीला बजावलं होतं, फार वेदनेत असलेल्या रुग्णाजवळ विषारी औषधं ठेवू नका. वॉर्डात बाटल्या कपाटात टाकून कुलूप लावताना मला ते दर वेळी आठवायचं. म्हणून स्पष्टच विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? जगणं नको वाटतं का? तसं असेल तर याच आठवड्यात सुनेला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. त्याने श्रद्धा कमी होत नाही.

फादरांनाही सांगा. मात्र ‘अजून थोडी प्रार्थना करा’ म्हणून त्यांनी दोन मिनिटांत वाटेला लावलं, तर दुसरे फादर गाठा.

रोझरी पुन्हा पहिल्यापासून नको. चौथं रहस्य तेवढं म्हणा, तेही यजमानांच्या खुर्चीशेजारी बसून. आणि झोपेचं काय ते मला लिहून कळवा.