जपानमधल्या सेंदाई शहराहून यामादेराचं देऊळ ट्रेनने एका दिवसात होईल का?
हो, आरामात होतं. सेंदाई स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वेची) सेनझान लाइन पकडायची, साधारण तासाभरात यामादेरा, स्टेशनपासून पुढे चालतच जायचं. फक्त गाड्या तासाला एखादीच असतात, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा. देऊळ ८६० सालचं, वर जायला हजाराच्या वर दगडी पायऱ्या, उंच झाडांच्या सावलीतून, शेवाळलेल्या, पावसात निसरड्या, तेव्हा चांगल्या ग्रिपचे बूट घालाच. खाली काडीला टोचलेले सोया सॉसमधले गोल कोन्न्याकू (कंदाच्या पिठाचे चिवट गोळे) मिळतात, गरमागरम खा आणि मग चढा. वरच्या गोदाइदो या मंडपापर्यंत नक्की जा, अर्ध्यातून परत फिरू नका, तिथल्या लाकडी सज्ज्यातून अख्खी दरी दिसते आणि खाली आपलीच ट्रेन खेळण्यातल्यासारखी जाताना दिसते!