जुन्या बोलेरोला जनरेटरचा ट्रेलर जोडून रोजची कामं करायची आहेत. दुरुस्तीचा पैसा कुठे घालावा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी २००९ ची डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) बोलेरो, पावणेतीन लाख किलोमीटर झालेली. मागे वेल्डिंगचा जनरेटर बसवलेला दोनचाकी ट्रेलर, सगळं मिळून सहाशे किलोच्या आसपास. ट्रेलर अधूनमधून, बाकी रोज गाडीत पाइप, सळया आणि माणसं. आणि मेकॅनिक म्हणतोय की आधी इंजिन खोलू, डिझेलचा पंप जरा वाढवून देतो, म्हणजे इंजिनात जास्त डिझेल जाईल.

पंप वाढवू नका. २५२३ सीसीचं ते इंजिन साठएक हॉर्सपॉवरचंच आहे, पण खालच्या आरपीएमला दमदार आहे. सहाशे किलो ते ओढेल, फक्त हळू ओढेल. डिझेल वाढवलं की काळा धूर आणि उष्णता वाढते, आणि चढावर लोड असताना तीच उष्णता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, खाते. मी कराड, पाटण ते चिपळूण या पट्ट्यात पंप-मोटारींची कामं करतो, मागे कॉम्प्रेसरचा ट्रेलर असतो. कुंभार्ली घाटात गाडी चढत नाही म्हणून कधी अडलो नाही. तिथे चिंता असते ती उतरण्याची.

म्हणून माझा सरळ सल्ला: पैसा मागच्या अर्ध्या गाडीत घाला, मग रेडिएटरमध्ये, आणि उरला तर इंजिनात.

सगळ्यात आधी गाडी रॅम्पवर घेऊन चेसिसचा शेवटचा दोन फूट भाग बघा. मागचा आडवा मेंबर (चेसिसची लोखंडी तुळई) आणि पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे अडकतात ते शॅकलचे ब्रॅकेट, इथे वर्षानुवर्षं चिखल साठतो आणि रंगाखाली गंज पसरतो. हातोडीने ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. आत घुसला तर ट्रेलरचा विचार तिथेच थांबवा. पत्र्याचे तुकडे डकवून त्यावर हुक लावणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

चेसिस चांगली निघाली तर हुकाकडे या. बंपरला वेल्ड केलेला हुक दिसायला छान, पण बंपर ओढण्यासाठी बनवलेलाच नसतो. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या लांब मेंबरना धरणारी जाड प्लेट आणि आडवा बार, तोही हाय टेन्साइल बोल्टने कसलेला, असा जोड हवा. भोक पाडायचंच असेल तर मेंबरच्या उभ्या बाजूला. वरच्या आणि खालच्या पट्टीला ड्रिल लावू देऊ नका, सगळा ताण तिथे असतो आणि चीर तिथूनच सुरू होते. ट्रेलर अडकवायला ५० मिमीचा बॉल, आणि सोबत फुलीसारख्या बांधलेल्या दोन सेफ्टी चेन. बॉल निसटला तर ट्रेलरची दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी चेनवर झेलली जाते.

आता पाटे. गावोगाव एकच उपाय सांगतात, एक पाटा वाढवा. याने गाडीची मागची बाजू उचलली जाते, पण हाऊसिंग (मागच्या ॲक्सलचं आवरण), हब, ब्रेक आहेत तेच राहतात. म्हणजे ताकद वाढली असं वाटतं, वाढत मात्र नाही. वर रिकाम्या गाडीत माणसांच्या मणक्याची वाट लागते, ती वेगळीच. पावणेतीन लाखांनंतर पाटे बसलेले असणारच. ठोकून कमान काढलेले पाटे काही महिन्यांत पुन्हा बसतात, तेव्हा नवीन सेट घ्या. सोबत सगळे बुश, शॅकल पिना आणि यू-बोल्ट नवे. यू-बोल्ट पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा कसायचे असतात, हे बहुतेक गॅरेजात कुणी सांगत नाही.

ब्रेकमध्ये मागचे ड्रम उघडा. हाऊसिंगचं ऑइल सील गळत असेल तर लायनर तेलात भिजलेले निघतील आणि नवे लायनर घालूनही तेच होईल, म्हणून सील आधी. व्हील सिलिंडरचे रबर बदला, ड्रमला खड्डे असतील तर टर्निंग किंवा नवे ड्रम. पेडल दगडासारखं घट्ट लागत असेल तर बूस्टर (पेडलला जोर देणारा भाग) बदलायच्या आधी अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप आणि त्याचे पाइप तपासा. खूपदा दोष तिथे असतो आणि बिल बूस्टरचं निघतं. ब्रेक ऑइल पूर्ण बदला. जुनं ऑइल हवेतलं पाणी धरून ठेवतं, लांब उतारावर ते उकळलं की पेडल थेट खाली जातं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रलचा तर विषयच नको. तुमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत असं गृहीत धरतो. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची कमाल मर्यादा ७५० किलो आहे, तुम्ही तिच्या खूप खाली नाही. गाडीच्या पुस्तकात ओढायच्या वजनाचा आकडा दिला असेल तर तो अंतिम समजा. जनरेटरशिवाय ट्रेलरवर वेल्डिंग रॉडची खोकी आणि ऑक्सिजन सिलिंडर चढायला वेळ लागत नाही, तो मोह टाळा.

वजन कुठे बसतं हेही बघा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार बॉलवर यायला हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत साठएक किलो. ट्रेलर सपाट जागी ठेवून दांडीखाली धान्याचा वजनकाटा लावला की कळतं. जनरेटर ॲक्सलच्या मागे गेला तर साठच्या वेगालाच ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तसं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, ब्रेकवर उभे राहू नका.

रेडिएटर काढून आतून साफ करून घ्या किंवा सरळ नवा घाला. थर्मोस्टॅट आहे का ते बघा. आपल्याकडे गाडी एकदा तापली की तो काढून फेकायची पद्धत आहे. मग इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त खातं, सिलिंडरचे लायनर लवकर झिजतात. नवा बसवा, साध्या पाण्याऐवजी कूलंट भरा.

क्लचची चाचणी सोपी: चढावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग नाही, तर प्लेट गेली. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच पडते. इंजिनाचं म्हणाल तर गरम असताना, आयडलिंगवर ऑइल भरायचं झाकण उघडा. बारीक वाफ चालेल, भक्‌भक्‌ फुंकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. नसेल तर डिझेल फवारणारे नोझल तपासून, व्हॉल्व्ह सेट करून, ऑइल-फिल्टर बदलून सोडून द्या.

ट्रेलरच्या दिव्यांसाठी टेललॅम्पची वायर कापून जोडू नका, वेगळा रिले आणि सॉकेट लावा. अर्थिंगची वायर स्वतंत्र हवी, ग्रीस लावलेल्या बॉलमधून अर्थ नीट मिळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २००९ ची गाडी म्हणजे १५ वर्षं २०२४ मध्ये संपली, पुढची नोंदणी पाच वर्षांची असते. ती झाली नसेल तर दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च करण्याआधी ती करा, फिटनेसला गाडी काय म्हणते तेही कळेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ नुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसायला हवा. गावातल्या फॅब्रिकेटरने बनवलेल्या बिनकागदाच्या ट्रेलरने अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं. हुक लावायच्या आधीही आरटीओत विचारून घ्या, कलम ५२ खाली मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं आहेत.

पहिल्यांदा ट्रेलर काढाल तेव्हा वीसेक किलोमीटरवर थांबा आणि ट्रेलरच्या दोन्ही हबजवळ हात न्या. कोमट चालेल. हात धरवत नसेल तर बेअरिंग घट्ट बसलंय किंवा ग्रीस संपलंय, तिथून पुढे नेऊ नका.