मुलीला आणायला निघताना

सप्रेम नमस्कार,

तुम्ही दोघं अमेरिकेहून इथल्या मुलीला दत्तक घेताय, त्यातलं आर्टिकल 5 चं पत्र (दत्तक पुढे जाऊ द्यायला हरकत नाही, असं हेग दत्तक करारानुसार अमेरिकेने दिलेलं) आलं, काराचं, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं, ना हरकत प्रमाणपत्रही निघालं आणि आता मुलगी राहते त्या संस्थेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे आहे, असं तू कळवलंस. क्रम बरोबर लागलाय. अमेरिकेची तात्पुरती मंजुरी आणि ते पत्र हातात नसताना इथला दत्तक आदेश आधी निघाला असता, तर व्हिसाचा गुंता महिनोन्महिने सुटला नसता. 1 सप्टेंबर 2022 पासून हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. कायद्यात त्याला दोन महिन्यांची मुदत आहे, पण मुदत म्हणजे तारीख नव्हे. तेव्हा तिकिटं इतक्यात काढू नका.

आदेशानंतर प्रमाणित प्रत, तुमची नावं घातलेला जन्मदाखला, मुलीचा पासपोर्ट आणि काराचं आर्टिकल 23 चं प्रमाणपत्र (दत्तक हेग कराराप्रमाणे झालं याचं), एवढे कागद व्हायचे असतात. पासपोर्ट छापून आला की निघा आणि अडीच आठवडे धरून चला. परतीचं तिकीट बदलता येणारंच घ्या. आदेशाच्या निदान चार प्रमाणित प्रती मागून ठेवा, कारण पुढे शाळेपासून सोशल सिक्युरिटीपर्यंत प्रत्येक खिडकीवर मूळ कागद मागतात.

गाडी सगळ्यात जास्त वेळा अडते ती नावावर. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन नावं. जन्मदाखल्यावर ती एका रांगेत येतात, पासपोर्टवर पहिली दोन ‘गिव्हन नेम’मध्ये जातात आणि तुमच्या अमेरिकन कागदांवर मधलं नाव असतंच असं नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंग: ‘व’ला व्ही की डब्ल्यू, ‘ई’ला आय की डबल ई. आदेशात एक आणि पासपोर्टवर दुसरं झालं की दुरुस्तीसाठी परत पहिल्या खिडकीवर. म्हणून आदेश निघण्याआधीच त्याचा मसुदा संस्थेकडून मागवून घे आणि तुमच्या दोघांच्या पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. आणि हो, तिचं पहिलं नाव बदलू नका. आठ वर्षांच्या मुलीला आपलं नाव चांगलं ठाऊक असतं. तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच असतं.

व्हिसासाठी मुलीची मेडिकल अमेरिकन दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करावी लागते. त्यात टीबीसाठी रक्ताची तपासणी होते, आयजीआरए. बीसीजीच्या लशीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही, पण सुप्त संसर्ग, म्हणजे जंतू अंगात पण आजार नाही, आपल्याकडे सर्रास आढळतो, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. मग छातीचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असला तर प्रवास अडत नाही. डाग दिसला, तर मात्र थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, आठ आठवडे लागतात. थांबायची वेळ आलीच तर तो काळ कुणी इथे राहायचं, कुणाची किती रजा उरलीय, हे निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा. मुलगी तुमच्याकडे आली की मेडिकल पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरका, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता मुलीबद्दल.

संस्थेत पहिल्या दिवशी गेलात आणि तासाभरात तिला घेऊन निघालात, असं करू नका. निदान दोन-तीन दिवस रोज जा, तिच्या पंगतीला बसून जेवा. तिला सांभाळणाऱ्या मावशी कोण, हे विचारून घ्या. “जा बाळा, मी आनंदाने पाठवतेय,” हे त्या मावशींच्या तोंडून तिच्या कानावर पडायला हवं. तुम्ही शंभरदा सांगून तो परिणाम होत नाही. निरोप दिवसाउजेडी घ्या, सगळ्या मुलांसमोर, तिच्या हाताने खाऊ वाटून. रडायला नको म्हणून झोपेत उचलून नेलेली मुलं पुढे कित्येक महिने झोपायला घाबरतात. संस्थेतून चार वस्तू मागून घ्या: लसीकरणाचं कार्ड, वजन-उंचीची नोंद, असतील तेवढे जुने फोटो आणि तिची रोजची चादर किंवा फ्रॉक. तो धुऊ नका, वास जातो.

गाडीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. या मुलांना मोटारीत बसायची सवय नसते. संस्थेच्या फाटकापासून वीस मिनिटांत ओकारी ठरलेली. निघताना पोटभर जेवायला घालू नका. पुढची सीट, उघडी खिडकी, आलेपाकाची वडी, दोन-तीन जाड पिशव्या, बदलायचे कपडे, आणि ते डिकीत नव्हे, मांडीवर. पहिल्याच प्रवासात नव्या आईच्या साडीवर उलटी झाली की मूल शिक्षेची वाट बघत बसतं. तू हसून पुसलंस तर तिला बरंच काही कळेल.

राहायला स्वयंपाकघर असलेली छोटी जागा घ्या, नातेवाइकांकडे उतरू नका. यावर वाद होणार, मला माहीत आहे. आजीला नात बघायची असते, मावशीने ड्रेस शिवून ठेवलेला असतो, कुणी बारशाचाच घाट घालतं. आजी-आजोबांनी एकदा येऊन तासभर बसावं, बाकीच्यांना फोटो पुरेत. पंधरा माणसं एका दिवशी जवळ घेऊ लागली की आपलं माणूस कोण, हे तिला कळणार कसं? पहिले काही महिने खायला देणं, न्हायला घालणं, झोपवणं तुम्ही दोघांनीच करायचं.

जेवण वरणभात, पोळी, बटाट्याची भाजी, तिच्या सवयीचं. उशीखाली बिस्किटं सापडली तर ओरडू नका. एका डब्यात खाऊ भरून तो तिच्या हाती द्या आणि रिकामा दिसला की न बोलता भरा. ती फक्त तुलाच चिकटेल आणि नवऱ्याकडे बघणारही नाही, असं होऊ शकतं. संस्थेत सगळ्या बायकाच असल्या की पुरुषाची सवय नसते. त्याने मनाला लावून घेऊ नये. जमिनीवर बसून पत्त्यांचा बंगला बांधत राहावं, ती येते. उलट ती पहिल्या दिवसापासून अतिशहाण्यासारखी वागली, तर जास्त लक्ष ठेवा. ती पाहुण्यासारखी राहतेय.

व्हिसा दिल्लीच्या अमेरिकन दूतावासातून मिळेल. आदेश इथेच पूर्ण झालेला असल्यामुळे तो आयएच-3 (हेग करारानुसार परदेशातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा) असायला हवा, हातात पडताच नाव आणि जन्मतारखेबरोबर तेही तपासा. या व्हिसावर अठराच्या आतलं मूल नागरिक आई किंवा वडिलांसोबत राहायला आलं की अमेरिकेत उतरताच नागरिक होतं, आणि ग्रीन कार्डवाल्यांना पडणारी यूएससीआयएसची (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची) इमिग्रंट फी तिला भरावी लागत नाही. दिल्लीत लाल किल्ला वगैरे दाखवायच्या फंदात पडू नका. त्याऐवजी हॉटेलात कमोड कसा वापरायचा, विमानाचा पट्टा कसा लागतो आणि सुटतो, हे खेळून दाखवा. विमानातल्या फ्लशचा आवाज मोठा असतो, तो आधी तोंडाने काढून दाखव. कागदपत्रं चेक-इन सामानात टाकू नका.

घरी पोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, मुलगी कशी रुळतेय याचा अहवाल काराकडे जायचा आहे. तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाक. आणि संस्थेची परवानगी असेल तर मावशींशी फोनची वेळ निघण्याआधीच ठरवून घे. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तुमच्या न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ. तो फोन संपल्यावर ती रडेल. रडू दे, जवळ बसून राहा आणि पुढच्या आठवड्याचा फोन मात्र रद्द करू नकोस.

तुझी,
ताई