मॅनेजर बदलला म्हणून क्लब सोडू नकोस

मित्रा, पहिल्याच हंगामात मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, गेला की चीड येणारच. मँचेस्टर युनायटेडसारख्या फुटबॉल क्लबचा चाहता झालायस, तर हे पुन्हा होईल. पण आत्ता एवढं लक्षात ठेव.

नव्या मॅनेजरच्या पहिल्या दोन-तीन विजयांवरून मत बनवू नकोस. नवखे तिथेच फसतात. संघ आधीच्या माणसाने जमवलेला असतो. युनायटेडचे मॅनेजर म्हणून अमोरिम आले ते तीन सेंटर-बॅकची (मधल्या बचावपटूंची) पद्धत घेऊन. हाताशी खेळाडू मात्र चार बचावपटूंच्या पद्धतीसाठी घेतलेले. म्हणून मॅनेजरआधी खेळाडूंची खरेदी कोण ठरवतं ते बघ. खरं दुखणं बहुतेकदा तिथेच असतं.

आणि धीर धर. युनायटेडचे गाजलेले मॅनेजर फर्ग्युसन १९८६ मध्ये आले, इंग्लंडची लीग जिंकली १९९३ मध्ये. अर्थात, वेळ दिला की प्रत्येक जण फर्ग्युसन होतो असंही नाही.

आपल्या एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबनेही पहिल्या चार हंगामांत चार कोच पाहिले: कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच. तरी बालेवाडीत आवाज घुमायचाच.

निकालानंतर लगेच मोबाईलवर भांडत बसू नकोस, झोप. डावपेचांचं सगळं नंतर बोलू. आधी दहा सामने पूर्ण बघ.